चांगली छत्री कपाटात

दर वर्षी गणपतीच्या दिवसांत हा सल्ला माझ्या कानावर पडतो. इथे कॅनडात, मिसिसॉगाच्या बाजूला कुठल्या तरी शाळेचा हॉल असतो, आरती झालेली असते, जेवणाची रांग लागलेली असते. नाशिक, कोल्हापूर, नांदेडहून नुकतीच आलेली पोरं ताटं हातात घेऊन इथल्या जुन्या मंडळींना विचारत असतात, "काका, गाडी कुठली घेऊ?" उत्तर ठरलेलं असतं. "अरे, पहिल्या हिवाळ्याला चांगली गाडी घ्यायची नसते. रस्त्यावर मीठ टाकतात, पत्रा खाऊन टाकतं. हजार-पंधराशे डॉलरमध्ये एखादा डबा उचल, एप्रिलपर्यंत रेट आणि मग दे भंगारात. चांगली गाडी उन्हाळ्यात बघू." या डब्याला इथे 'विंटर बीटर' म्हणतात आणि तो शब्द आपल्या मंडळींच्याही तोंडी आता चांगलाच रुळलाय.

यंदा हा सल्ला देणारे गृहस्थ माझ्या आदरातले आहेत. पस्तीस वर्षं इथे आहेत, कितीतरी पोरांना त्यांनी विमानतळावरून घरी आणून जेवू घातलं आहे. त्यांच्या मनात त्या मुलाचं भलंच होतं, याबद्दल मला शंका नाही. मी वाढायला उभी होते. भर पंगतीत त्यांना तोडणं बरं दिसलं नसतं, म्हणून तेव्हा बोलले नाही. पण घरी आल्यावर झोप लागली नाही. हा सल्ला चुकीचा आहे, आणि नुसता पैशाच्या दृष्टीनं चुकीचा असता तर मी लिहायला बसलेही नसते. तो जिवावर बेतणारा आहे.

मी एकोणीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवते. ओंटारिओत शाळेच्या बसची रोज तपासणी करावी लागते, तसा कायदाच आहे. पहाटे साडेपाचला, बाहेर उणे अठरा असो की उणे पंचवीस, बसला वळसा घालून दिवे, टायर, आरसे, ब्रेक, मागचं संकटकाळचं दार, सगळं बघायचं आणि नोंद करायची. तोवर बस यार्डातून हलत नाही. इतक्या वर्षांत एकाही पालकानं मला सांगितलेलं नाही की जानेवारीत मीठ असतं, तेव्हा आमच्या मुलांना सडक्या बसमधून न्या आणि चांगली बस जूनसाठी झाकून ठेवा. असं कुणी बोलला असता तर बाकीच्या पालकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. मग तेच मूल विशीत आलं, गोदामात रात्रपाळी करायला लागलं, की त्याच्यासाठी हाच विचार शहाणपणाचा कसा होतो?

माझे वडील चिपळूणला एस.टी.च्या आगारात मेकॅनिक होते. मे महिना सरत आला की त्यांना घरी यायला रात्र व्हायची, कारण कुंभार्ली घाट चढणाऱ्या गाड्यांचे ब्रेक, वायपर, टायर पाऊस लागायच्या आत बघून व्हायला हवे असत. घाटात चिखल आहे, धुकं आहे, दरड आहे, म्हणून तिकडे आगारातली सगळ्यात मोडकी गाडी पाठवा, हा विचार त्यांच्या डोक्यात आला नसता. आमच्या कोकणात पावसाळ्यासाठी फाटकी आणि उन्हाळ्यासाठी चांगली, अशा दोन छत्र्या कुणी ठेवत नाही. विंटर बीटरचा सल्ला मला नेमका तसाच वाटतो. ज्या चार महिन्यांत ब्रेक, टायर, काच, हीटर, बॅटरी या एकेका गोष्टीवर जीव अवलंबून असतो, त्याच चार महिन्यांसाठी माणूस बाजारातली सगळ्यात वाईट गाडी मुद्दाम शोधायला निघतो.

आता सल्ला देणाऱ्यांची बाजू. मीठ खरं आहे, त्यानं होणारं नुकसानही खरं आहे. कॅनडात रस्त्यांवर वर्षाला सरासरी ५० लाख टन मीठ पडतं. ओंटारिओत ते गोडरिच आणि विंडसरच्या खाणींतून निघतं. गोडरिचची खाण ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली पसरलेली आहे आणि जमिनीखालच्या मिठाच्या खाणींत ती जगात सगळ्यात मोठी मानली जाते. पारा उणे दहाच्या आसपास गेला की साध्या मिठाचा जोर ओसरतो, मग कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. ही द्रव्यं हवेतला ओलावा ओढून घेतात, त्यामुळे गाडीच्या पोटाखालचा राडा वाळतच नाही. ओल्या खारट पत्र्यावर गंज किती झपाट्यानं चढतो हे रत्नागिरीत खिडकीचे गज पाहिलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. १९७०च्या दशकात इथल्या गाड्यांना चार-पाच वर्षांत दाराखाली भोकं पडायची. त्या काळी चांगली गाडी झाकून ठेवणाऱ्याचं मला काहीच चुकीचं वाटत नाही.

पण १९८०च्या दशकात जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा सर्रास वापरात आला आणि गाड्या बदलल्या. सल्ला मात्र तसाच हातोहात पुढे आला. आज पाच-सात वर्षांची नीट ठेवलेली गाडी एका हिवाळ्यानं सडत नाही. दर शरद ऋतूत गाडीच्या पोटाला, दारांच्या पोकळीत, चाकांवरच्या कमानीत गंजरोधक तेलाचा फवारा मारून घ्यायचा, त्याला दीडशे डॉलरच्या आसपास पडतात. पारा शून्याच्या वर गेला की खालून पाण्याचा जोरदार मारा करून गाडी धुवायची. गरम गॅरेजमध्ये खारट चिखलासकट ती तशीच रात्रभर उभी करायची नाही, कारण उबेत गंज जास्त वेगानं चालतो, कडाक्याच्या थंडीत तो मंदावतो. एवढं केलं तरी पुष्कळ झालं. माझी स्वतःची गाडी २०१३ची आहे, २ लाख ६० हजार किलोमीटर झाली आहे, तिनं एकही हिवाळा गॅरेजात काढलेला नाही. रंग उडालाय, दाराला पोचा आहे, आणि तळ अजून घट्ट आहे. मीठ हा रोग असेल तर त्यावर औषध तेल आणि पाणी. आपण मात्र आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी नेतो, गाडीच बदलून मोकळे होतो.

शिवाय एक साधी गोष्ट या सल्ल्यात विसरली जाते. तुम्ही चांगल्या गाडीला ज्या मिठापासून वाचवता आहात, ते मीठ त्या डब्यानं आधीच पंधरा हिवाळे खाल्लेलं असतं. तो पंधराशेला मिळतो तो त्यामुळेच.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या तळघरात एक नाशिकचा मुलगा भाड्यानं राहत होता. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो चौदाशे डॉलरला एक चंदेरी गाडी घेऊन आला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "सेफ्टी झालेली आहे, काकू," असं दोनदा सांगितलं आणि कागदही दाखवला. मी ड्राइव्हवेवर पुठ्ठा टाकला, टॉर्च आणि चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि आडवी झाले. दाराखालची जी लांब पट्टी असते, तिला रॉकर पॅनेल म्हणतात, ती नवीकोरी काळी चमकत होती. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत पुढून मागे गेले. पुढे ठण ठण आवाज येत होता. मागच्या चाकाच्या हातभर आधी तो एकदम थप असा झाला, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. तिथे टोक टेकवून जरा दाबलं तर मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तर त्याला पिवळा फोम चिकटून आला, खिडकीच्या चौकटीच्या फटी बुजवायला वापरतात तो. लोखंड नव्हतंच. पोकळीत फोम भरून, वर जाळी चिकटवून, काळा रंग फवारला होता, आणि तो बोटाला अजून लागत होता.

तो बाजूला उभा होता, हात बाह्यांत ओढून घेतलेले. "काकू, म्हणजे?"

"म्हणजे चाक बदलायला इथे जॅक लावलास तर गाडी वर जाणार नाही, जॅक आत जाईल. आणि बाजूनं कुणी धडकलं तर मध्ये हा फोम आहे."

त्यानंतर ब्रेकच्या नळ्या बघितल्या. पुढून मागे जाणारी पेन्सिलीहूनही बारीक पोलादी नळी, तिच्यावर गंजाचे पापुद्रे फुगून ती करंगळीएवढी जाड दिसत होती. मागच्या चाकाजवळ एक ठिपका ओला होता.

सेफ्टीच्या कागदाबद्दल मुलांच्या मनात फार मोठा गैरसमज आहे, म्हणून सांगते. ओंटारिओत तो दाखला नोंदणीसाठी ३६ दिवस चालतो, आणि तपासणीच्या दिवशी गाडी किमान अटींत बसत होती एवढंच तो सांगतो. ती पुढचे चार महिने चालेल अशी हमी त्यात कुठेही नाही. काळ्या रंगाखाली काय आहे हे बघायला आपल्या ओळखीच्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवूनच बघावी लागते.

ब्रेकच्या नळीबद्दल मी इतकी हळवी का आहे, तेही सांगते. आम्ही कॅनडात आलो त्याच वर्षी आम्हालाही हाच सल्ला मिळाला होता आणि आम्ही तो मानला होता. अकराशे डॉलरची गाडी होती. जानेवारीतली संध्याकाळ, मुलगी तीन वर्षांची, मागच्या सीटवर. हायवेवरून उताराच्या रॅम्पनं खाली येत होतो, खाली लाल सिग्नल होता. ह्यांनी ब्रेक दाबला आणि पेडल जमिनीपर्यंत गेलं. गाडीत ब्रेकचे दोन वेगळे फेरे असतात, एक फुटला तरी दुसरा उरतो, म्हणून अगदीच मोकळे नव्हतो. पण अर्धा ब्रेक आणि खाली दाबून घट्ट झालेला बर्फ. सिग्नल ओलांडून, चौक ओलांडून, पलीकडच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात शिरून आम्ही थांबलो. चौकातून बर्फ ढकलणारा प्लो नुकताच गेला होता, त्याचा निळा दिवा अजून दिसत होता. गाडी थांबल्यावरही हे पेडल मारतच होते, मारतच होते, मी हात धरला तेव्हा थांबले. खाली उतरून पाहिलं तर मागे पांढऱ्या बर्फावर तपकिरी तेलाची रेघ होती. नळी पेट्रोलच्या टाकीच्या वर फुटली होती, जिथे टाकी उतरवल्याशिवाय कुणाला दिसत नाही.

ही आमच्यापुरती दुर्दैवाची गोष्ट होती असं मला बरीच वर्षं वाटत होतं. तसं नव्हतं. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेनं जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३च्या ट्रकमधल्या गंजलेल्या ब्रेक-नळ्यांची कित्येक वर्षं चौकशी केली. २०१५मध्ये ती बंद केली तेव्हा गाड्या परत बोलावण्याचा आदेश निघाला नाही. खारट रस्त्यांच्या राज्यांत जुन्या गाड्यांना हे होतंच, असा एकूण निष्कर्ष होता, आणि २००७ किंवा त्याआधीच्या मॉडेलच्या मालकांनी खालची बाजू धुवावी आणि नळ्या तपासून घ्याव्यात असा जाहीर इशारा देण्यात आला. त्याआधी २०१०मध्ये फोर्डला विंडस्टार व्हॅन लाखोंच्या संख्येनं परत बोलवाव्या लागल्या होत्या, कारण मिठाच्या पट्ट्यात त्यांचा मागचा अॅक्सल गंजून तुटू शकत होता. एप्रिलपर्यंत काढायचीच तर आहे, असं म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा. नळी एप्रिलपर्यंत थांबेल असं तिच्याशी कुणी ठरवलेलं असतं का?

"जुन्या गाड्या दणकट असतात, त्यांच्यात ती इलेक्ट्रॉनिक भानगड नसते," असंही याच संभाषणात कुणीतरी म्हणतं. बर्फावर ती भानगडच माणसाला वाचवते. गाडी घसरून आडवी व्हायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, कॅनडात आणि अमेरिकेत १ सप्टेंबर २०११पासून बनणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची झाली. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेच्या अभ्यासात असं दिसलं की एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघाताचा धोका या यंत्रणेमुळे जवळपास निम्मा होतो. एकट्या गाडीचा अपघात म्हणजे नेमका तोच, बर्फावर घसरून झाडावर, खड्ड्यात किंवा पुलाच्या कठड्यावर जाणारा. पंधराशेच्या डब्यात ही यंत्रणा बहुतेक नसतेच. असलीच तर चाकाजवळचा सेन्सर गंजलेला असतो आणि समोर एबीएसचा पिवळा दिवा कायमचा पेटलेला. स्टॅबिलिटी कंट्रोल त्याच सेन्सरवर चालतो, म्हणजे तो दिवा पेटला की दोन्ही गेले. विकणारा सांगतो, "तो दिवा असाच पेटतो, लक्ष देऊ नका." मी त्या दिव्यावर काळी टेप चिकटवलेली गाडी पाहिली आहे.

थांबायला किती जागा लागते, हे कागदावर मांडून बघावं. ताशी ५० किलोमीटर वेगात कोरड्या डांबरावर पूर्ण ब्रेक लावला तर गाडी १४-१५ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तेच अंतर ४० मीटरच्या घरात जातं. काळ्या बर्फावर, म्हणजे डांबरावर जी पारदर्शक साय धरते तिच्यावर, ते शंभर मीटरला टेकतं. ब्रेक दाबायला लागणारा सेकंदभराचा वेळ यात धरलेलाच नाही. हे अंतर कमी करायचं तर पहिली गोष्ट टायर. साधं रबर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं. बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमफुलाचं चिन्ह असतं ते हे टायर. क्वेबेकनं २००८मध्येच ते सक्तीचे केले, आता १ डिसेंबर ते १५ मार्च त्यांच्याविना गाडी चालवता येत नाही. ओंटारिओत सक्ती नाही, पण ते लावणाऱ्याला विम्यात सूट देणं २०१६पासून विमा कंपन्यांना बंधनकारक आहे. चारही चाकं ओढणारी गाडी घेतली की टायरची गरज नाही, हाही एक लोकप्रिय समज. चार चाकांची ओढ गाडी निघताना उपयोगी पडते, थांबताना त्या गाडीलाही तेच चार टायर असतात.

आणि इथे या सल्ल्याचं खरं दुखणं आहे. बाराशेच्या गाडीवर आठशेचे टायर कोण घालणार? गाडीला एकदा टाकाऊ म्हटलं की तिच्यावरचा प्रत्येक खर्च वायफळ वाटायला लागतो. टायर नको, ती एप्रिलमध्ये जाणार आहे. बॅटरी नको, जम्प देऊन चालतेय. वायपर फाटलाय, राहू दे. हीटरचा झोत काचेच्या फक्त एका कोपऱ्यात येतो, तर तेवढ्या कोपऱ्यातून बघत चालवायचं. मी पहाटे बस घेऊन निघते तेव्हा अशा गाड्या मला रोज दिसतात: छपरावर फूटभर बर्फ तसाच, समोरच्या काचेवर पत्र टाकायच्या फटीएवढी जागा खरवडलेली, त्यातून दोन डोळे. यात निष्काळजी माणसं कमी असतात. बहुतेकांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं की या गाडीची काळजी करायची नसते.

सायलेन्सरचं तर बोलायलाच नको. जुन्या गाडीत सडणाऱ्या पहिल्या गोष्टींपैकी तो एक, आणि त्याचबरोबर डिकीचा तळही सडतो. नळीतून गळणारा धूर डिकीतून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. रात्रपाळीच्या सुट्टीत गोदामाच्या आवारात इंजिन चालू ठेवून, काचा वर करून, डुलकी काढणारी मुलं मला माहीत आहेत. डिसेंबर २०२२मध्ये बफेलोला जे हिमवादळ आलं त्यात चाळीसहून अधिक माणसं गेली, त्यांतली काही आपापल्या गाडीत अडकलेली सापडली. बफेलो आमच्या घरापासून दीड-दोन तासांवर आहे. वादळात अडकण्याची वेळ कुणावरही येऊ शकते. त्या वेळी हीटर चालणारी, धूर आत न घेणारी, पहिल्या चावीला सुरू होणारी गाडी खाली आहे की नाही, एवढंच आपल्या हातात असतं.

पैशाचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण तोच सगळ्यात जड आहे. मुलं म्हणतात, काकू, आमच्याकडे आहेतच पंधराशे. मला ते कळतं. आम्हीही तिथूनच गेलो. पण त्या नाशिकच्या मुलाचा हिशोब इथे मांडते. गाडी १४००. तिच्यावर १३ टक्के कर, म्हणजे १८२. (गाडी खाजगी माणसाकडून घेतली तर कर किमतीवर किंवा छापील घाऊक मूल्यावर, यातलं जे जास्त असेल त्यावर घेतात, हे त्याला नोंदणीच्या खिडकीवर गेल्यावर कळलं.) विम्याचा वर्षाचा आकडा गाडीच्या किमतीच्या दुपटीहून जास्त, कारण बावीस वर्षांच्या नव्या ड्रायव्हरचा विमा मुख्यतः दुसऱ्याला होणाऱ्या इजेसाठी असतो, डबा आहे म्हणून तो स्वस्त होत नाही. मी सांगितलं म्हणून तो मेकॅनिककडे गेला. पट्ट्या आणि नळ्या मिळून सोळाशेच्या वर अंदाज निघाला. शेवटी गाडी साडेतीनशेला भंगारात गेली. एक महिनाही नीट चालवली नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि कोंबडी ताटात आलीच नाही. २०२१पासून, नव्या गाड्यांना चिप मिळेनात तेव्हापासून, जुन्या गाड्यांचे भाव जे चढले ते चढले. पूर्वी हजार डॉलरमध्ये एखाद्या आजोबांची नीट ठेवलेली गाडी नशिबानं मिळायची. आता त्या पैशात जे मिळतं ते मी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला पाहिलंय.

मग करायचं काय? पहिला हिवाळा शक्य असेल तर बसनं काढा. मिसिसॉगा आणि ब्रॅम्प्टनमध्ये तो निघतो, त्रास होतो, पण निघतो. ते जमत नसेल तर एकट्यानं पंधराशेचा डबा घेण्याऐवजी एका घरात राहणाऱ्या चौघांनी मिळून सहा-सात हजारांची एक गाडी घ्या. एकाच्या नावावर, चौघांची नावं विम्यात. २०१२च्या पुढची, म्हणजे स्टॅबिलिटी कंट्रोल असलेली. रंगाकडे बघू नका, पोच्याकडे बघू नका, किलोमीटरचा आकडा मोठा असला तरी घाबरू नका, खाली बघा. गाडीचा १७ अक्षरांचा नंबर टाकून तिच्यावर कुठलं रिकॉल बाकी आहे का ते तपासा, कारण रिकॉलची दुरुस्ती फुकट असते आणि टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅग न बदललेल्या कितीतरी जुन्या गाड्या अजून हातोहात फिरत आहेत. आणि हाताशी असलेले सगळे पैसे गाडीत घालू नका, हजार बाजूला ठेवा, टायर आणि तेल आणि बॅटरीसाठी. जुन्या, स्वस्त, कुरूप गाडीशी माझं काहीच भांडण नाही. तशाच गाडीत मी रोज फिरते. माझं भांडण तिला टाकाऊ मानण्याशी आहे.

अजून एक गोष्ट मला मनापासून बोचते. ज्या घरांत दोन गाड्या आहेत तिथे डिसेंबरमध्ये चांगली गाडी गॅरेजमध्ये जाते आणि डबा रस्त्यावर येतो. तो डबा कुणाला मिळतो? नुकतं लायसन्स मिळालेल्या मुलाला किंवा मुलीला. पंचवीस वर्षं इथल्या बर्फात गाडी चालवलेले बाबा एखाद वेळी घसरत्या गाडीलाही सावरतील. ज्या मुलानं आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिलाय, त्याच्या हातात आपण ब्रेक नसलेली, टायर नसलेली, काच साफ न होणारी गाडी देतो आणि वर सांगतो की ठोकलीस तरी हरकत नाही, तशीही टाकायचीच आहे. गाडीला पोचा आला तर वाईट वाटत नाही, हा बीटरचा मोठा फायदा म्हणून सांगतात, आणि ते खरंही आहे. पण ठोकल्यावर समोर कुणी असतं. माझ्या बसच्या लाल दिव्यापाशी, पसरलेल्या थांबा-पाटीपुढून, पाठीवर दप्तर घेतलेली सहा वर्षांची मुलं रस्ता ओलांडतात. त्या वेळी माझी नजर मुलांवर कमी आणि मागून येणाऱ्या गाड्यांवर जास्त असते. येणारी गाडी थांबेल की नाही, तिचे टायर कसले आहेत, हे मला तिच्या काचेवरच्या बर्फावरून साधारण कळतं. दोनदा मी हॉर्न दाबून मुलांना मागे थांबवलंय. दोन्ही वेळा चालवणारा मुलगा आपल्याकडचा होता आणि दोन्ही वेळा तो उतरून थरथरत माफी मागत होता. राग कुणावर काढायचा? त्याला ती गाडी घ्यायला सांगणारे आपणच.

पंगतीत विचारणारा तो मुलगा नांदेडचा निघाला. दुसऱ्या दिवशी मी त्याचा फोन नंबर शोधून काढला. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून आता एक २०१४ची छोटी गाडी बघत आहेत, एका दाराचा रंग वेगळा आहे. गेल्या शनिवारी पाऊस होता. दोघांनी वर ताडपत्री धरली आणि मी पुठ्ठ्यावर आडवी झाले. पुढून मागे ठोकत गेले, शेवटपर्यंत ठण ठण. मागच्या कमानीत एका जागी पापुद्रा आहे, तो खरवडून घ्यायला सांगितलाय. नळ्या पुढून ठीक दिसतात. टाकीच्या वरचं मला दिसत नाही, त्यासाठी मंगळवारी लिफ्टवर चढवायची आहे.